राईतली मूठभर माती

गंगुकाकीच्या वाफ्यात पहिल्या दिवशी हळदीची नऊ रोपं पिवळी होती, दुसऱ्या दिवशी चौदा, तिसऱ्या दिवशी बावीस. मी मोजत होते, कारण मोजण्याखेरीज मला काही करता येत नव्हतं. म्हणजे करता येत होतं. काय करायचं तेही मला ठाऊक होतं. पण ते करायचं तर आधी एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती सांगितल्यावर कासारखोलच्या अकरा बायकांपैकी किती जणी माझ्याशी बोलतील, हे मोजून सांगता येत नव्हतं.

कासारखोल संगमेश्वरपासून चौदा किलोमीटर आत आहे. मी देवरुखच्या एका संस्थेत काम करते. बचत गटांतल्या बायकांना सेंद्रिय शेतीत मदत करायची, असं माझ्या कामाचं वर्णन आहे. बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा पांढरा कोट घालून कुठल्या तरी प्रयोगशाळेत बसेन असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन काठीने ढवळते.

गटाने हळद निवडली ती माकडांमुळे. जनीताई गटाची प्रमुख. पहिल्याच बैठकीत तिने मला ऐकवलं होतं, "मॅडम, भुईमूग लावला तर डुक्कर, भाजी लावली तर माकड. आमी राबायचं नि त्यांनी जेवायचं. त्यांच्या तोंडाला चव लागणार नाय असं काय असेल तर सांगा." हळदीला माकडं तोंड लावत नाहीत. दहा जणींनी संस्थेकडून सेलम जातीचं बेणं घेतलं. गंगुकाकीने घेतलं नाही. "माझी हळद माझ्याकडे हाय," एवढंच म्हणाली.

गंगुकाकी गुरवांच्या घरातली. गावदेवी सोमजाईच्या देवळाची झाडलोट तिच्याकडे, आणि नवरात्रात आणि शिमग्यात देवीला जो भंडारा लागतो, ती हळदही तिच्याच वाफ्यातली. जात जुनी, गावठी. गड्डा लहान, पण मोडला तर आत जवळजवळ केशरी रंग. पूर्वी ही हळद चार-पाच घरांच्या मागच्या परड्यात होती. घरं मुंबईला गेली, परड्यांत रान वाढलं आणि ती हळद एका वाफ्यापुरती उरली. आठ ओळी, ओळीत वीस, म्हणजे एकशेसाठ रोपं. हे सगळं कुजलं असतं तर ती जात कासारखोलातून संपली असती, आणि देवीला बाजारातल्या पिशवीतली हळद लागली असती. गंगुकाकीने हे असं कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त दिवसातून तीनदा वाफ्यावर येऊन उभी राहायची.

आता माझी गोष्ट सांगते.

ड्रमात जे करतो त्याला जीवामृत म्हणतात. शेण-गोमूत्रातले जिवाणू गूळ-बेसन खाऊन वाढतात आणि तिसऱ्या दिवशी ते पाणी पिकाच्या मुळाशी ओततात. त्यात एक गोष्ट अशी पडते की ती पाहुण्यांना सांगितली तर ते हसतात : मूठभर माती. बांधावरची, जिथे कधी खत-औषध पडलेलं नाही अशी. ती मूठ म्हणजे विरजण. विरजण बिघडलं की दूध कितीही चांगलं असू दे.

आमचं विरजण श्रावणाच्या सुरुवातीला बिघडलं. आम्ही नेहमी जनीताईच्या बांधावरची माती घ्यायचो. त्या बांधाच्या वर काजूची बाग आहे, ती यंदा कोणीतरी कराराने घेतली आणि गवत मारायचं औषध मारलं. पावसाने ते खाली उतरलं. बांधावरचं गवत कढत पाणी ओतल्यासारखं तपकिरी झालं. त्या मातीचा ड्रम फसफसला नाही, उलट त्याला सडका वास मारू लागला. त्याच आठवड्यात मनस्वीच्या वाफ्यात कंदकुज दिसली. मनस्वी गटात सगळ्यात लहान, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. कंदकुजीत पानाचा शेंडा पिवळा पडतो, मग रोप ओढलं की बुंध्यातून अलगद हातात येतं आणि खाली गड्डा मऊ झालेला असतो. पाणी साचलं की एका वाफ्यातून दुसऱ्यात जाते. आठ दिवसांत दहा वाफ्यांत मिळून एकसष्ट रोपं गेली.

या रोगाच्या बुरशीला खाणारी दुसरी एक हिरवी बुरशी असते, ट्रायकोडर्मा. संस्थेकडे मागितली. पुरवठादाराकडे संपली होती, दहा दिवस लागणार होते. ती बुरशी जंगलाच्या मातीत मुळातच असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी बांध शोधत हिंडले. जिथे जावं तिथे वर काजू किंवा आंबा, म्हणजे वरून औषध. औषध न पडलेली एकच जागा होती. पऱ्याच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, पलीकडची सोमजाईची राई, गावची देवराई.

राईतून काही बाहेर आणायचं नसतं. वाळकी काटकी जळणाला आणत नाहीत. पडलेलं जांभूळ खायचं तर तिथेच खायचं. गंगुकाकी राईतलं देऊळ झाडून बाहेर येते तेव्हा गडग्यापाशी, म्हणजे राईभोवतीच्या दगडी कुंपणापाशी, थांबून लुगड्याचा ओचा झटकते, पान अडकलं असेल तर आतच पडावं म्हणून. हे मी पाहिलं होतं. मी गेले त्या दुपारी दीड वाजता तिथे कोणी नव्हतं. मी चपला गडग्याबाहेर काढल्या. म्हणजे नियम माहीत नव्हता असं मला म्हणता येणार नाही. ऐनाच्या बुंध्याशी पाचोळा बाजूला केला, खालची काळी, भुसभुशीत माती एक मूठ घेतली आणि जेवणाच्या डब्यात घातली. तिचा वास इतका चांगला होता की मला अपराधी वाटायच्या आधी आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी ड्रम फसफसून वर आला. तिसऱ्या दिवशी बायका डबे घेऊन आल्या. दहा जणी. गंगुकाकी तेव्हा आंजर्ल्याला लेकीकडे नातीच्या बारशाला गेली होती. "तिच्यासाठी ठेवून काय उपयोग, शिळं होईल," जनीताई म्हणाली, "आली की नवा करू." त्या वेळी काकीचा वाफा ठणठणीत होता.

बारा दिवसांत दहा वाफ्यांत मिळून फक्त तीन नवी रोपं पिवळी पडली. जनीताई ड्रमावर थाप मारून म्हणाली, "काय गो मॅडम, यात घातलंस तरी काय? माझ्या म्हशीला पाजते वाटीभर." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि ते हसू मला दिवसभर तोंडात खड्यासारखं टोचत राहिलं.

आणि मग काकीच्या वाफ्यात नऊ रोपं.

तिने त्यातलं एक ओढलं, हातात आलेल्या बुंध्याचा वास घेतला आणि बांधावर बसली. "कुजली," म्हणाली. जनीताई म्हणाली, "मॅडमकडे औषध हाय, आमची वाचली की!"

"मग दे गो बाय."

"करते," मी म्हटलं.

"माती कुठली घातली होतीस? माझ्या बांधाची तर मेली," जनीताईने विचारलं.

"पलीकडची," मी म्हटलं. पलीकडची म्हणजे पऱ्याच्या पलीकडची. खोटं नव्हतं. पण असं मी प्रयोगवहीत लिहिलं असतं तर आमच्या सरांनी पान फाडून हातात दिलं असतं.

पुढचे दोन दिवस मी जे करता येईल ते केलं. वाफ्याभोवती चर खोल केले, कुजलेली रोपं मातीसकट उपटून लांब पुरली, त्या खड्ड्यांत चुन्याची निवळी ओतली. पाऊस थांबत नव्हता. चौदा. बावीस. मी गावात एका जागी बसू शकत नव्हते. मनस्वीने चहा दिला, तो अर्धा टाकून उठले. पुन्हा मोजलं, बावीसच होती. दहा मिनिटांत वाढणार नव्हती हे मला माहीत होतं, तरी मोजलं. ट्रायकोडर्माच्या पुरवठादाराला चार फोन केले; चौथ्यांदा त्याने उचलला आणि "सोमवारी" म्हणाला. कुठल्या सोमवारी ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी डबा धुऊन पुसला आणि राईकडे निघाले. माझं गणित सरळ होतं. पुन्हा एक मूठ, पुन्हा तीन दिवस, काकीचा वाफा वाचेल. कुणाला कळणार नाही आणि कुणाचं वाईट होणार नाही. गडग्यापर्यंत हे गणित बरोबर होतं. चपला काढायला वाकले तेव्हा आतून झाडूचा आवाज आला.

गंगुकाकी बाहेर येत होती. तिने ओचा झटकला, वर पाहिलं.

"तू इथं कशी गो? पाया पडायला आलीस?"

तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "नि डबा कशाला? देवीच्या पुढ्यात जेवणार हायस?"

तिचा आवाज थट्टेचा होता. त्या थट्टेचा आधार घेऊन काहीतरी रचता आलं असतं. पण ज्या बाईची हळद वाचवायची तिच्याच वाफ्यात, तिच्याच देवीची माती, तिला न सांगता ओतायची, हे माझ्याने होईना. मी सांगितलं. सगळं, क्रमाने : बांध मेला, ड्रम सडला, दीड वाजता आले, ऐनाच्या बुंध्याशी, एक मूठ.

काकीने झाडू काखेत धरला. मग म्हणाली, "दाखव मूठ."

मी मूठ वळून दाखवली. तिने ती आपल्या दोन्ही हातांत धरून पाहिली, वांगं घेताना बघावं तशी.

"एवढीच?"

"एवढीच."

"नि दहा वाफ्यांत गेली."

"हो."

"परत आण म्हटलं तर आणता येईल?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "नाही, काकी. त्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. एका चिमटीत कोटींनी. ड्रममध्ये ते वाढले. आता ते दहा वाफ्यांत पसरलेत. वेगळे करता येणार नाहीत."

"वाढले?"

"हो."

"तिकडं गेले नि वाढले," ती स्वतःशीच म्हणाली. मग झाडू गडग्याला टेकवून ठेवला. "जनीला सांगितलंस?"

"नाही."

"मग चल, आधी सांग. माझ्यापाशी बोलून काय होतंय? ड्रम काय माझ्या एकटीचा हाय?"

दुपारी जनीताईच्या पडवीत अकरा जणी बसल्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी जास्त वाईट झालं, कारण मधेमधे कोणीच काही बोललं नाही.

पहिली बोलली मनस्वी. "म्हणूनच माझी गाय आटली," ती म्हणाली. "पाणी ओतलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आटली. मी म्हणत होते, काहीतरी झालंय म्हणून."

"तुझी गाय गेल्या वर्षीपण याच दिवसांत आटली होती," जनीताई म्हणाली. "तेव्हा कोणी माती आणली होती? तुझ्या नवऱ्यानं?"

दोघी-तिघी हसल्या, पण मनस्वी हसली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

मग जनीताई माझ्याकडे वळली. "मॅडम, मी तुला देवाचं काय बोलत नाय. ते देवी नि तू बघा. पण आमी तुझ्याकडून शिकलो ना, पिशवीवर काय लिहिलंय ते वाचल्याबिगर शेतात काय टाकायचं नाय? तूच शिकवलंस. दुकानदार सांगेल ते ऐकायचं नाय, विचारायचं. मग तुझ्या ड्रमात काय पडलं, ते आमाला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असता म्हणून," मी म्हटलं.

"व्हय, म्हटलंच असतं नको! मग तू वाद घातला असतास. घालायचा होतास की वाद. आमाला वाद घालता येत नाय काय?"

मी मान खाली घातली. पन्हळीतून पाणी पडत होतं. मी मनात आकडा पाहत होते : आत्तापर्यंत तीस झाली असतील. मला तेव्हाही उठून मोजायला जायचं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती.

"माझी जातेय," गंगुकाकी म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्या तिच्याकडे वळल्या. "तुमची वाचली ते बरं झालं. माझं काय करायचं ते तिला विचारू. उद्या लवू कौल लावेल."

लवू काकीचा पुतण्या. यंदा देवीच्या पूजेची पाळी त्याच्याकडे होती. सकाळी नऊला सगळ्या देवळात जमल्या. मनस्वीही आली, पण खांबाआड उभी राहिली. मी वाफ्यावरूनच आले होते. अडतीस.

लवूने देवीच्या पाषाणाला पाणी लावलं आणि दोन खांद्यांवर तगरीच्या दोन कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, "आई सोमजाये, तुझ्या राईतली मूठभर माती लेकराच्या हातून अजाणतेपणी बाहेर गेली..."

"अजाणतेपणी नाय," गंगुकाकी मागून म्हणाली. "जाणून. खरं ते सांग तिला."

लवू अडखळला. "जाणून बाहेर गेली," त्याने सुधारलं. "आता तशीच मूठ काकीच्या हळदीला द्यावी की नको, ते तू सांग."

आम्ही वाट पाहू लागलो.

कळी ओलीमुळे दगडाला चिकटते. मधलं पाणी वाळलं की पडते. किती वेळात वाळेल हे हवेतल्या दमटपणावर ठरतं, आणि त्या सकाळी माझ्या फोनवर तो चौऱ्याण्णव टक्के होता. भिंतीसुद्धा पाझरत होत्या. मला दिसत होतं की आज यातली एकही कळी पडणार नाही. मी ते बोलले नाही. एकदा न सांगता वागून झालं होतं. आता सगळं सांगायचंच म्हणून इथे तोंड उघडणं वेगळ्या तऱ्हेचा उद्धटपणा झाला असता. पण पाय स्थिर राहत नव्हते. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. साडेनऊ. दहा. कोणीतरी शिंकलं तेव्हा सगळ्यांनी दचकून दगडाकडे पाहिलं. कळ्या जागच्या जागी. सव्वाअकराला लवूने घाम पुसला.

"आज बोलत नाय ती," तो म्हणाला. "अमावास्या होऊ दे, मग परत लावू."

"अमावास्या कधी?" मी विचारलं.

"सहा दिवसांनी."

"सहा दिवसांत काही उरणार नाही," मी म्हटलं. मोठ्याने, देवळात. "रोज आठ-नऊ जातात आणि आकडा वाढतोच आहे. वर ड्रमला तीन दिवस."

लवूने माझ्याकडे रागाने पाहिलं. त्याचं बरोबर होतं. पण गंगुकाकी पुढे झाली.

"लवू, वर बघ. आढं कशाचं हाय?"

"ऐनाचं."

"कुठला ऐन?"

लवू वर बघत राहिला. "राईतला."

"जुनं आढं मोडलं तेव्हा तुझ्या बापानं कौल लावला. मी इथंच उभी होते, काखेत पोर घेऊन. तेव्हापण दुपारपर्यंत कळी पडली नाय. बोलली नाय म्हणजे नको म्हणाली असं नाय. तुझा बाप काय म्हणाला ठाऊक हाय? तिचं देऊळ तिच्या झाडानं उभं राहायचं, त्यात तिला परत परत काय विचारायचं? नि ऐन तोडला." तिने हात राईच्या दिशेने केला. "राईतलं काय बाहेर न्यायचं नाय, ते आपल्या घरासाठी. तिच्या कामाला लागलं तर नेतात. माझ्या वाफ्यातली हळद कुणाची हाय?"

लवू परत आढ्याकडे बघू लागला.

"कुणाची?"

"तिची," लवू म्हणाला.

मग जनीताईच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ती हसू दाबत होती. "म्हणजे आमच्या मॅडमनं दहा चुकीच्या जागी टाकली," ती म्हणाली, "नि एकच बरोबर जागा होती, ती सोडली!"

देवळात हसणं बरं नव्हे, पण सगळ्या हसल्या. लवूसुद्धा. मला हसता आलं नाही, कारण ते अगदी खरं होतं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी हा नियम मला कळला असता. नियमाला दार होतं आणि मी भिंतीवरून उडी मारली होती.

"नि आमच्या दहा जणींचं?" खांबाआडून मनस्वीने विचारलं.

"यंदा भंडारा माझ्या एकटीचा नाय," गंगुकाकी म्हणाली. "अकरा जणींचा. प्रत्येकीनं आपल्या वाफ्यातली हळद द्यायची. मग ती मातीपण तिच्याच कामाला लागली."

"आणि माझी गाय?"

"गायीला पेंड घाल जरा," जनीताई म्हणाली.

मनस्वी पायऱ्या उतरून निघून गेली. तिने त्यानंतर आमच्या ड्रममधलं पाणी घेतलं नाही. घरी छोट्या पिंपात स्वतःचं करते. तिला मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा तिने चहा दिला, पण बसली नाही.

आम्ही देवळातून तशाच राईतल्या ऐनाकडे गेलो. काकी म्हणाली, तुझ्याच मुठीनं घे, आधी घेतलीस तेवढीच. दहा जणींसमोर मी ऐनाच्या बुंध्याशी बसले, पाचोळा बाजूला केला, मूठ भरली. लोकांदेखत घेतलेली माती जास्त जड लागते.

परत येताना पऱ्यातच मला दुसरी एक गोष्ट टोचायला लागली. मी स्वतःला म्हटलं, गप्प बस. आज तरी गप्प बस. पण वाफ्यापाशी आल्यावर बाहेर पडलंच.

"काकी, एक विचारू?"

"आता काय राहिलं?"

"या मातीनंच रोग थांबला, हे मला खरं तर माहीत नाही. दहाही वाफ्यांत ओतलं, त्यामुळे न ओतलेला वाफा बघायला उरलाच नव्हता. तुमचा उरला होता, पण तुमची जात वेगळी, उतार वेगळा. आता यातही ओतलं की कधीच कळणार नाही." मी वरच्या बाजूला बोट दाखवलं. "एक ओळ तशीच ठेवता येईल का? वरची. म्हणजे बाकीच्या ओळींचं पाणी उतरून तिच्यात जाणार नाही."

जनीताई कपाळावर हात मारून म्हणाली, "या पोरीला नं..."

मी काय मागते आहे ते मला समजत होतं. त्या ओळीत वीस रोपं होती, त्यांतली तीन गेलेली. उरलेली सतरा रोपं, गावात दुसरीकडे कुठेही नसलेली, मी मरायला ठेवा म्हणत होते.

गंगुकाकीने वाफ्याकडे पाहिलं, मग पऱ्यापलीकडे राईकडे.

"ठेव," ती म्हणाली. "देवी तर बोलली नाय. बघू तुझी ओळ काय बोलते."

तिसऱ्या दिवशी ड्रम फसफसून वर आला. तोवर वाफ्यातली साठ रोपं गेली होती. ओतायच्या आधी जनीताईने मला ड्रमासमोर उभं केलं आणि आत काय काय पडलंय ते मोठ्याने म्हणायला लावलं. शेण कुणाच्या गोठ्यातलं, गूळ कुठला, माती कुठली. आता प्रत्येक वेळी तसंच करतो. खालच्या सात ओळींत पाणी ओतलं. वरच्या ओळीच्या दोन्ही टोकांना मी काठ्या रोवल्या आणि त्यांना माझी निळी ओढणी फाडून बांधली.

आणि त्याच संध्याकाळी पाऊस थांबला. चार दिवस कडक ऊन पडलं. कंदकुजीला ऊन सोसत नाही. म्हणजे जे काही होणार होतं ते मातीमुळे की उन्हामुळे, हे पुन्हा गुलदस्त्यात. मी आकाशाकडे पाहून जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढच्या बारा दिवसांत खालच्या सात ओळींत उरलेल्या त्र्याऐंशी रोपांपैकी सहा गेली. वरच्या ओळीतल्या सतरापैकी तीन. शेकड्याने पाहिलं तर वरच्या ओळीत दुपटीहून जास्त. पण सतरा हा आकडाच इतका लहान आहे की त्यांतली दोन रोपं घुशीने खाल्ली असतील तरी निष्कर्ष उलटा होईल. मी संस्थेच्या अहवालात "फरक दिसतो, खात्रीने सांगता येत नाही" असं लिहिलं. वरिष्ठांनी फोन करून विचारलं, एवढी मेहनत केलीस, जरा ठाम लिहायला काय होतं?

वाफा मात्र उभा राहिला. एकशेसाठातली एक्क्याण्णव. देवीला पुरेल आणि पुढच्या वर्षीच्या बेण्यालाही पुरेल, असं काकी बोटांच्या पेरांवर धरून सांगते. माझ्या हिशोबाने बेण्याला थोडं कमी पडेल. ते मी तिला सांगितलं. आता सगळं सांगते.

गणपतीला चाकरमानी येऊन गेले, तरी मी रोज सकाळी गावात पोचले की आधी वरच्या ओळीपाशी जाते. गंगुकाकी देवळातून परतताना बांधावर थांबते. तिचा प्रश्न ठरलेला.

"बोलली का गो?"

"अजून नाही, काकी."

परवा मी ओळीत वाकून बुंधे चाचपत होते. एक नवा फुटवा दिसत होता, अगदी पोपटी, आणि त्याच्या शेजारच्या रोपाच्या शेंड्याला किंचित पिवळेपणा होता. तो रोगाचा की नुसता उन्हाचा, हे ठरवता येत नव्हतं. मी डोळे बारीक करून पाहत होते.

"काय म्हणते?" बांधावरून आवाज आला.

"पुटपुटते आहे. पण मला नीट ऐकू येत नाही."

काकीने ओळीकडे निरखून पाहिलं. मग काखेतला झाडू दुसऱ्या काखेत घेतला.

"एकटी हाय, म्हणून घाबरत असेल बोलायला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी दोन ओळी ठेव."